तळ्याकाठचे महाड : पाण्याचा वारसा आणि आपण

महाड म्हटले की आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालासुद्धा चवदार तळे आठवते. दरवर्षी २० मार्च जवळ आला की घराघरांतून तयारी सुरू होते. कोणी एस.टी.ने, कोणी गाडी ठरवून, कोणी मंडळाबरोबर महाडला जाते. तळ्याला वंदन करायचे, ओंजळभर पाणी घ्यायचे, पुस्तकांच्या स्टॉलवर दोन पुस्तके घ्यायची आणि रात्री घरी परतायचे. ही श्रद्धा मोलाची आहे, तिला आमचे वंदन आहे.

पण त्याच पोराला विचारा, की बाबा, हे महाड आहे तरी कसले गाव? हे तळे कोणाचे होते? पाणी प्यायला माणसे गेली ती १९२७ साली, मग कोर्टाचा निकाल १९३७ सालापर्यंत का लांबला? आणि तळ्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर डोंगरात बुद्धाची लेणी आहेत, ती कोणी खोदली? इथे मात्र बहुतेक जण गप्प होतात. पोरांचा दोष नाही. आपण मोठ्यांनीच त्यांना एक दिवस दाखवला, गाव दाखवलेच नाही.

म्हणून विहाराच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने महाडच्या वारशाची थोडी ओळख करून द्यावी, असे आम्ही ठरवले. ही ओळख आम्ही पाण्याच्या अंगाने करून देणार आहोत, कारण महाडचा सगळा इतिहास पाण्यात आहे.

दोन नद्या, एक बाजार, एक तळे

महाड हे रायगड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पूर्वी या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. बाबासाहेबांच्या चरित्रात 'कुलाबा जिल्हा' असे वाचायला मिळते तो हाच जिल्हा. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री नदी खाली कोकणात उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वाटेत तिच्या काठाला महाड बसले आहे. गांधारी नदी इथेच सावित्रीला मिळते. खाडीने गलबते वर यायची आणि घाटावरून बैल माल घेऊन खाली उतरायचे. दोन्हींची गाठ पडायची ती महाडात. म्हणून इथे बाजारपेठ उभी राहिली.

गावाच्या आसपासही इतिहास दाटून आहे. ज्या किल्ल्यावर १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो रायगड महाड तालुक्यातलाच. समर्थ रामदासांच्या नावाने ओळखली जाणारी शिवथरघळ याच तालुक्यात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म इथल्याच नाते गावचा. गावात विरेश्वराचे देऊळ आहे आणि त्याचा छबिना पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. महाडकर या सगळ्याचा अभिमान बाळगतात, आणि तो बाळगावाच.

आणि गावात तळे आहे. चवदार, म्हणजे पाण्याला चव असलेले. पुढे जेव्हा हे तळे हायकोर्टात गेले तेव्हा न्यायमूर्तींनी त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. चार ते पाच एकरांचे हे तळे, म्हटले तर लहानसे सरोवर, म्हटले तर मोठे डबके. चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची घरे, थोडी मुसलमानांची. काठाला बांध आणि पायऱ्या. पाणी येते ते पावसाचे आणि थोड्या नैसर्गिक झऱ्यांचे. तळे किमान अडीचशे वर्षांचे जुने, पण ते कोणी बांधले याचा पुरावा नाही. सगळेच माणसाने खोदलेले आहे असेही दिसत नाही. मुळात निसर्गाने केलेला खोलगट भाग, तो माणसांनी बांधून काढला.

हे वर्णन वाचकांनी लक्षात ठेवावे. ज्या तळ्याचा बांधणारा कोणालाच ठाऊक नाही, ज्यात पाणी भरतो तो पाऊस, त्या तळ्यावर 'हे आमचेच' असा दावा पुढे सांगितला गेला.

डोंगरातली दोन टाकी

आता तळ्यावरून थोडे बाहेर पडू. मुंबई-गोवा महामार्गाने महाडच्या वेशीवर आले की गांधारपाले गाव लागते. त्या गावाच्या डोंगरात सुमारे २८ लेणी आहेत. सत्तर-ऐंशी पायऱ्या चढा की दोनशे, धाप लागते हे खरे, पण वर पोचल्यावर खाली नद्यांचे खोरे पसरलेले दिसते आणि इथे भिक्खूंनी वर्षावास का केला असेल ते आपोआप कळते.

ही लेणी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. कोकणच्या बंदरांत उतरलेला माल घाटावर जायचा त्या वाटांवर जशी जागोजागी लेणी खोदली गेली, तशीच ही. राहायच्या खोल्या, झोपायचे दगडी ओटे, चैत्य, आणि पाण्याची टाकी. पहिल्या मोठ्या लेण्याच्या गर्भगृहात भगवान बुद्धांची मूर्ती आहे, ती नंतरच्या काळातली आहे.

इथे ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. त्यात विष्णुपालित नावाच्या कुमाराने, म्हणजे राजपुत्राने, काय काय दान दिले त्याची यादी आहे. ही यादी आम्ही साध्या शब्दांत सांगतो. एक लेणे. एक चैत्यघर. आठ ओवऱ्या. लेण्याच्या दोन बाजूंना पाण्याची दोन टाकी. आणि लेण्याला जोडलेली एक वाट.

वाचकहो, यादी लहान आहे, पण पुन्हा एकदा वाचा. राजाच्या पोराने दान दिले आणि ते दगडावर कोरून ठेवले, त्यात सोनेनाणे नाही. राहायला जागा, वंदनेला जागा, प्यायला पाणी आणि यायला वाट. एवढेच. लेखात खोलीसाठी 'ओवरक' असा शब्द आहे, तोच आपल्या मराठीतल्या 'ओवरी'चा पूर्वज. टाक्यासाठी 'पोढी' हा शब्द आहे, तो लेणी पाहणाऱ्यांच्या बोलण्यात आजही ऐकू येतो. म्हणजे आपली भाषासुद्धा या डोंगरात आहे.

आम्ही उगाच फुगवून सांगणार नाही. ही टाकी भिक्खुसंघासाठी होती, गावच्या सार्वजनिक पाणवठ्यासारखी नव्हती, आणि त्या लेखात जातीपातीविषयी काही लिहिलेले नाही. पण एवढे नक्की, की या भूमीत पाणी देणे हे पुण्य मानले जात होते, आणि पाणी दिल्याची गोष्ट माणसे अभिमानाने दगडावर कोरत होती. त्याच गावात पुढे अशी वेळ आली की पाणी न देणे हा धर्म ठरला.

बाजाराला या, पाणी मागू नका

कोकणात पाऊस धो धो पडतो. महाडात तर नद्या घरात शिरतात. पण चैत्र-वैशाखात तेच कोकण घोटभर पाण्याला महाग होते. त्या दिवसांत आसपासच्या खेड्यांतून आपली माणसे महाडच्या बाजारी यायची. गवत, लाकूडफाटा आणायचा, कचेरीतली कामे करायची. बाजारात त्यांचा माल चालायचा, त्यांचे पैसे चालायचे. तळ्याला हात लावलेला मात्र चालायचा नाही. त्याच तळ्यावर मुसलमान पाणी भरत आणि त्याने तळे बाटत नव्हते. आपल्या माणसाच्या ओंजळीने मात्र बाटत होते!

पण महाडची आपली माणसे मुकी नव्हती. या भागातले अनेक जण इंग्रजांच्या पलटणीत होते. पलटणीत लिहिणे-वाचणे शिकायला मिळाले, जग पाहायला मिळाले. पेन्शन घेऊन गावी परतलेल्या माणसाला पुन्हा वाकून चालणे जमेना. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे अशांपैकीच. १८८६ साली ते पलटणीतून निवृत्त झाले. महात्मा फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहिले आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार काय, असे प्रश्न थेट विचारले. १८९५ साली सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला सवर्ण सभासद तयार नव्हते. म्हणजे महाडला १९२७ साली जे पेटले, त्याची ठिणगी चाळीस वर्षे आधी पडलेली होती.

पुढची पायरी मुंबईच्या कायदे कौन्सिलात घातली गेली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट-कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य वर्गांना खुले असावेत. ठराव पास झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. नगरपालिकेत सुरबानाना टिपणीसांसारखे पुरोगामी विचारांचे सवर्ण पुढारी होते, हेही आपण कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

मग काय झाले? काहीच झाले नाही. ठराव दप्तरात राहिला आणि तळे जिथल्या तिथे राहिले. तीन वर्षे एकाही माणसाने त्या पायरीवर पाय ठेवला नाही, कारण पाय ठेवला तर काय होईल ते सगळ्यांना ठाऊक होते. कागदावर हक्क मिळाला म्हणून घशाखाली पाणी उतरत नाही.

चाळीस रुपयांचे पाणी

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती भरवण्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे या महाडच्याच तरुण कार्यकर्त्याने आणि त्यांच्या सोबत्यांनी खेडोपाडी हिंडून लोक गोळा केले. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ठिकठिकाणांहून हजारो माणसे आली. पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत, पाठीला भाकरीची गाठोडी बांधून, कित्येक जण मैलोन् मैल पायी.

आता एक आकडा सांगतो, तो आपल्या पोरांना जरूर सांगा. एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवे. तळे गावात आहे, नगरपालिकेने ते खुले केले आहे. तरीही परिषदेच्या मंडळींना स्पृश्य लोकांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या काळचे ४० रुपये! स्वतःच्या हक्काच्या तळ्याकाठी बसून पाणी विकत प्यायचे, यापेक्षा मोठे भाषण दुसरे कोणते असणार?

पहिल्या दिवशी बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळेपाके उष्टे मागणे सोडा, मुलांना शिकवा, जमिनी करा, स्वाभिमानाने जगा, असा उपदेश केला. दुसऱ्या दिवशी कामकाज संपत आले तेव्हा अनंतराव चित्रे उठले आणि तळ्यावर जाऊन ठराव अमलात आणावा असे त्यांनी सुचवले. लोक उठले. चार-चारांच्या रांगा केल्या. महाडच्या रस्त्यांवरून शिस्तीत मिरवणूक निघाली आणि तळ्यावर आली. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि ते प्यायले. मग लोक प्यायले.

पाणी पिऊन मंडळी मंडपाकडे परतली. जेवणे चालली होती, परतीची बांधाबांध चालली होती. तेवढ्यात गावात अफवा उठली, की आता हे विरेश्वराच्या देवळात घुसणार. झाले! लाठ्याकाठ्या घेऊन जमाव धावून आला. जेवणारी माणसे झोडपली गेली, बायाबापड्यांनाही सोडले नाही. सुमारे वीस जण गंभीर जखमी झाले. कित्येकांना गावातल्या मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरात आसरा दिला. तिकडे डाक बंगल्यावर आपले तरुण चवताळले होते. त्यात पलटणीतून आलेले गडी होते, त्यांना लाठी चालवणे शिकवायला नको होते. पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पाणी हक्काने प्यायचे आणि हात कायद्याने बांधून ठेवायचे, हा धडा त्या दिवशी महाडात दिला गेला.

नंतर तळ्याची 'शुद्धी' झाली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे तळ्यात ओतून, मंत्र म्हणून तळे पवित्र झाल्याचे जाहीर केले. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध झाले, हे महाडच्या इतिहासात लिहिले गेले ते कायमचे. हल्ला करणाऱ्यांपैकी पाच जणांना जूनमध्ये चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने १९२४ चा तळे खुले केल्याचा ठरावच मागे घेतला.

डिसेंबरची परीक्षा

मार्च सगळ्यांना पाठ असतो. डिसेंबरची परीक्षा मात्र त्याहून अवघड होती, असे आम्हाला वाटते.

ठराव मागे घेतला म्हणून बाबासाहेबांनी पुन्हा सत्याग्रहाची हाक दिली. तारीख ठरली २५ डिसेंबर. विरोधकांनी आधीच कोर्ट गाठले आणि १४ डिसेंबरला तळ्यावर जायला मनाई करणारा तात्पुरता हुकूम मिळवला. परिषदेला जागा द्यायला कोणी हिंदू तयार होईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. २४ डिसेंबरला बाबासाहेब दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून सुमारे पाच मैल चालत महाडला आले. दासगावहून महाडला येणारी वाट गांधारपाल्याच्या डोंगराच्या बाजूने येते. म्हणजे विष्णुपालिताने पाण्याची टाकी दिली तो डोंगर उजाडल्यापासून तिथे उभा होता, आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याच्या हक्कासाठी निघालेली माणसे चालत होती. त्यातल्या कित्येकांनी, किंवा त्यांच्या मुलाबाळांनी, २९ वर्षांनी धम्माची दीक्षा घेतली.

२५ डिसेंबरच्या रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या आणि पां. ना. राजभोज यांनी पाठिंबा दिलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आपली लढाई जातीशी होती, जातीत जन्मलेल्या माणसाशी नव्हती, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता प्रश्न होता तळ्याचा. हजारो माणसे तुरुंगात जायला तयार होऊन आली होती. कलेक्टर स्वतः परिषदेत आले आणि कोर्टाचा हुकूम मोडू नका असे सांगून गेले. लोकांचे म्हणणे, आता माघार नाही. रात्र चर्चेत गेली. शेवटी बाबासाहेबांनी लोकांना समजावले आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. २७ डिसेंबरला मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून शांतपणे परत आली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

विचार करा, तळे डोळ्यांसमोर, माणसे हजारोंनी, मार्चचा मार अजून अंगावर. तरी हात आवरले. याला काही जण तेव्हा माघार म्हणाले असतील. आम्ही त्याला ताकद म्हणतो. त्याच दिवशी बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली, जातीची खूण सांगणारा पेहराव आणि दागिने टाका, नीट लुगडे नेसा, मुलींना शिकवा, असे सांगितले. आपल्या आज्यांनी ते मनावर घेतले, म्हणून आज आपल्या नाती शिक्षिका, नर्स, वकील झालेल्या दिसतात.

कोर्टात गेलेले तळे

यापुढची कहाणी लाठीची नाही, कागदाची आहे, म्हणून ती फारशी कोणी सांगत नाही.

वादी सवर्ण मंडळींचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, तळे खासगी आहे, आसपासच्या स्पृश्यांच्या मालकीचे आहे. दुसरे, मालकी कोणाचीही असो, अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचे नाही ही रूढी अनादि काळापासून चालत आली आहे आणि रूढीला कायद्याचे बळ आहे. प्रतिवादी होते बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला, पण दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. विरोधकांनी ठाण्याला अपील केले, ते ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. मग ते मुंबई हायकोर्टात गेले. तिथे न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्यापुढे सुनावणी होऊन १७ मार्च १९३७ रोजी अंतिम निकाल लागला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले, म्हणजे सार्वजनिक ठरले. आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असे कोर्टाने सांगितले. २० मार्चला सत्याग्रहाला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते.

या निकालात आपल्याला शिकायला फार मोठी गोष्ट आहे. ज्या रूढीच्या नावावर पिढ्यान् पिढ्या माणसे तहानेली ठेवली, ती रूढी कोर्टात उभी केली तेव्हा तिला स्वतःचे वय सांगता आले नाही! 'पूर्वीपासून असेच आहे' हे वाक्य आपण आजही किती वेळा ऐकतो. पूर्वीपासून म्हणजे कधीपासून, एवढा एकच प्रश्न विचारला तर भल्याभल्यांची जीभ अडखळते. गांधारपाल्याचा दगड मात्र आपले वय सांगतो. पाणी देण्याची चाल त्या दगडावर लिहिलेली सापडते, पाणी न देण्याची चाल कोर्टात सिद्ध होत नाही. मग महाडची खरी जुनी संस्कृती कोणती म्हणायची, हे वाचकांनीच ठरवावे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कोर्टाने अस्पृश्यता चूक आहे म्हणून निकाल दिला नव्हता, रूढीचा पुरावा कमी पडला म्हणून दिला होता. उद्या दुसऱ्या गावात कोणी रूढीचा पुरावा पुरवला असता तर? हे बाबासाहेबांसारख्या कायदेपंडिताच्या ध्यानात आले नसेल असे होणार नाही. २६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराला जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान आडवे येणार नाही, असे लिहिलेले आहे. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. आता रूढी कितीही जुनी असली तरी चालणार नाही. त्या कलमात महाडचे नाव नाही, पण 'तलाव' हा शब्द वाचताना आमच्या डोळ्यांसमोर दुसरे कोणते तळे येत नाही.

वारसा सांभाळायचा म्हणजे काय करायचे?

आज तळ्यात बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. मनुस्मृती दहनाच्या जागी क्रांतिस्तंभ आहे. गावात त्यांच्या नावाचे राष्ट्रीय स्मारक आहे. २० मार्च २०२७ ही सत्याग्रहाच्या शंभरीची तारीख. तळे आहे, पुतळा आहे, गर्दी आहे. मग सांभाळायचे काय उरले?

उरले आहे ते माणसांच्या आठवणीत. १९२७ ची परिषद पाहिलेली पिढी गेली. त्यांच्याकडून ऐकलेली मुले-मुली आता ऐंशी-नव्वदीत आहेत. आजा कोणत्या वाटेने गेला, आजीने बरोबर काय बांधून दिले, मार बसल्यावर कोणाच्या घरात लपला, परत येताना कोणत्या गावात पाणी मिळाले, या गोष्टी कोणत्याही कोर्टाच्या कागदात नाहीत. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले, तेव्हा सगळ्यांनी पाहिले. घरातले कागद, फोटो, जुनी पत्रे पुराला तोंड देऊ शकत नाहीत. माणूस गेला की त्याची आठवणही अशीच वाहून जाते. म्हणून आमची प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे, की घरातल्या थोरांना बोलते करा, वहीत लिहून काढा आणि तिची एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवा. अक्षर कसेही असो, चालेल.

दुसरी विनंती, पुढच्या वेळी महाडला जाल तेव्हा नुसत्या तळ्यावरून परत फिरू नका. वाट वाकडी करून गांधारपाल्याचा डोंगर चढा. पोरांना तो लेख दाखवा, दोन्ही बाजूंची टाकी दाखवा. भिंतीवर नाव कोरू नका, टाक्यात पिशव्या-बाटल्या टाकू नका. ज्याने टाके दिले त्याचे नाव अठराशे वर्षे टिकले, ते पाणी दिले म्हणून.

तिसरी विनंती जरा कठीण आहे. आपण ज्या वस्तीत राहतो तिथल्या नळावर, टँकरवर, सोसायटीच्या टाकीवर नवे कोणी आले, आपल्यापेक्षा गरीब, परमुलखातले, दुसऱ्या जातीधर्माचे, तर आपण त्यांना कसे वागवतो? चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या माणसांच्या वारसांनी कोणाला पाण्यावरून हटकले, तर आपण तळ्याकाठच्या त्या घरवाल्यांच्या रांगेत जाऊन बसतो. महाडचा वारसा सांगण्याचा हक्क आपल्याला तेवढ्याच प्रमाणात आहे, जेवढ्या प्रमाणात आपला हंडा दुसऱ्यासाठी बाजूला सरकतो.

आपल्या विहाराच्या दारात माठ ठेवलेला असतो. तो कोणी भरला, कोण प्यायले, याची नोंद कोणी ठेवत नाही. ती तशीच नसू द्या. माठ मात्र रोज भरलेला असू द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!